हॉलच्या भिंतीवरची फळी: कमी खर्चात लावायची कशी, मांडायची कशी

हॉलच्या एका मोकळ्या भिंतीवर तीन फुटी तीन फळ्या लावायच्या, त्यावर पुस्तकं आणि घरातल्या चार चांगल्या वस्तू मांडायच्या, एवढंच काम धरून पुढची माहिती दिली आहे. काम दोन दिवसांचं आहे, पण रंग वाळायला मध्ये आठ-दहा दिवस द्यावे लागतात.

बजेट बहुतेक घरांत उलटं बसवलं जातं. शोभेच्या वस्तू आधी येतात आणि फळी मात्र सगळ्यांत स्वस्त बघून घेतली जाते. सहा महिन्यांत तिला बाक येतो, आणि मग वरचं काहीच नीट दिसत नाही. ३००० रुपये धरले तर निम्मे फळी आणि ब्रॅकेटवर, पाव भाग उजेडावर, उरलेले रंग-स्क्रू-बिटवर घाला. शोभेच्या वस्तूंसाठी सुरुवातीला एक रुपयाही ठेवू नका. त्या माळ्यावर आधीच पडलेल्या असतात.

लागणारं सामान

- १८ मिमी प्लायचा ३ बाय २ फुटांचा तुकडा (यातून पावणेआठ इंच रुंदीच्या तीन फळ्या निघतात)
- ६ इंची लोखंडी ब्रॅकेट, ६ नग
- ५० बाय ८ स्क्रू (म्हणजे ५० मिमी लांब, ८ नंबर जाडीचे) आणि ६ मिमीच्या प्लास्टिक गट्ट्या, प्रत्येकी १५ (दुकानात गट्टीला फिशरही म्हणतात)
- ब्रॅकेट फळीला खालून धरायला १६ मिमीचे स्क्रू
- दीड इंच रुंदीची लाकडी पट्टी, साधारण १० फूट
- फेविकॉल, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, वुड प्रायमर, ऑइल पेंट किंवा वॉर्निश
- हॅमर ड्रिल, ६ मिमीचं भिंतीचं बिट, टेप, पेन्सिल, पाणसळ (स्पिरिट लेव्हल), ओळंबा
- एलईडी पट्टी आणि ॲडॅप्टर (तपशील पायरी ६ मध्ये)

ड्रिल मशीन एवढ्यासाठी विकत घेऊ नका. सोसायटीत कोणाकडे तरी असतंच. बिट मात्र स्वतःचं आणि नवीन घ्या. बोथट बिटाने भोक वाकडं आणि मोठं होतं, आणि दोष गट्टीला लागतो.

१. भिंत ओळखा

भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला विचारा. बारा भोकं पाडायची आहेत असं स्पष्ट सांगा, "एक शेल्फ लावतोय" एवढंच सांगितलं की डिपॉझिटच्या वेळी वाद होतो.

भिंत कशाची आहे ते पहिल्या भोकातल्या भुकटीवरून कळतं. लाल भुकटी म्हणजे वीट, सगळ्यांत सोयीची. राखाडी भुकटी आणि बिट पुढेच सरकत नाही, तर तिथे काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. हॅमर चालू ठेवा, घाई नको, आणि बिट एकदम अडलं तर सळई लागली समजून भोक इंचभर बाजूला घ्या. पांढरट भुकटी भराभर येत असेल तर ब्लॉकची भिंत आहे, ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. तिथे हॅमर बंद करून साधं ड्रिल चालवा आणि हार्डवेअरवाल्याकडे ब्लॉकसाठीची लांब गट्टी मागा. साधी गट्टी त्यात फिरत राहते. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर जिप्समचं पार्टिशन आहे. त्यावर पुस्तकांची फळी लावूच नका.

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, आतल्या वायरचे पाइप बहुधा तिथूनच जातात. पलीकडे बाथरूम किंवा किचनचा ओटा असेल तर नळाचे पाइपही असतात. तो पट्टा सोडून द्या.

ओल तपासणं सगळे विसरतात. बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर फूटभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर भिंतच ओली आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर हवा दमट आहे, भिंत ठीक आहे. ही चाचणी पावसाळ्यात केली तरच उपयोगाची, मे महिन्यात प्रत्येक भिंत कोरडी असते. ओली भिंत सोडून आतली भिंत निवडा. वॉटरप्रूफ रंगाने ओल झाकली जाते, थांबत नाही.

२. उंची आणि अंतर ठरवा

मोकळ्या भिंतीवर सगळ्यांत खालची फळी साडेतीन फुटांवर घ्या, मग तिन्ही हाताच्या टप्प्यात राहतात. सोफ्याच्या वर लावायची असेल तर खालची फळी पाच फुटांच्या खाली नको, उठताना डोकं आपटतं. अशा जागी दोनच फळ्या जमतात. साडेसहा फुटांच्या वर गेलेली फळी पुसायला दर वेळी स्टूल आणावं लागतं, म्हणून ती कधीच पुसली जात नाही.

मराठी कथा-कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार साधारण साडेआठ इंच उंच असतो. दोन फळ्यांमध्ये १२ इंच मोकळे ठेवले की पुस्तक वरून बोट घालून काढता येतं आणि दिवाळी अंकही उभे राहतात. फायली किंवा मोठी चित्रांची पुस्तकं असतील तर एका कप्प्याला १४ इंच द्या.

फळीची खोली पावणेआठ इंच पुरते. दहा-बारा इंच घेतली की मागे दुसरी रांग लागते, पुढच्या रांगेत धूळ बसते आणि मागच्या पुस्तकांचा विसर पडतो.

३. फळी निवडा आणि तयार करा

तयार मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त फळ्या एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डच्या असतात. दोन फोटो फ्रेम आणि एक कुंडी यांना त्या चालतात. पुस्तकांना नाही. उभी लावलेली पुस्तकं एका फुटाला साधारण ८ ते १० किलो भरतात, म्हणजे तीन फुटी फळी पूर्ण भरली तर २५-३० किलो. शिवाय पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत कधी बसत नाही.

अख्खी ८ बाय ४ शीट घेऊ नका. प्लायच्या दुकानात किंवा फर्निचरच्या कारखान्यात उरलेले तुकडे असतात, तिथे मागा. कापून देणार का तेही तिथेच विचारा, घरी करवतीने सरळ कापणं अवघड आहे.

तुकडा घेताना एक गोष्ट नक्की बघा: वरच्या थराचे रेषे कोणत्या दिशेला आहेत. ते फळीच्या लांबीच्या दिशेने धावले पाहिजेत. आडवे असतील तर तोच प्लाय, तीच जाडी, पण फळी लवकर वाकते. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला तुकडा संपवायचा असतो.

लांबी वाढवण्याचा मोह टाळा. फुटामागे तेवढंच वजन धरून टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं तर मधला बाक दुप्पट नाही, सोळा पट होतो. म्हणून तीन फुटी फळीला ब्रॅकेट अगदी टोकाला न लावता दोन्ही टोकांपासून ७ ते ८ इंच आत घ्या. मधलं अंतर २०-२२ इंचांवर येतं, आणि कडेला थोडी फळी बाहेर राहिल्यामुळे मध्यभागही कमी खाली जातो. चार फुटांच्या फळीला तिसरं ब्रॅकेट लागतंच.

आता पुढच्या कडेला दीड इंची लाकडी पट्टी फेविकॉलने चिकटवा. वरची कड फळीशी सपाट ठेवा, म्हणजे खाली पाऊण इंच लोंबेल. चिकटपट्टीने घट्ट बांधून रात्रभर ठेवा. या एका पट्टीने तीन कामं होतात: प्लायचे थर झाकले जातात, फळी ताठ होते, आणि मागे एलईडी पट्टी लपते.

नंतर १२० नंबरने घासा, प्रायमरचा हात द्या, वाळल्यावर २२० ने हलकं घासा आणि रंगाचे दोन पातळ हात मारा. जाड एक हात मारला की ओघळ येतात. ऑइल पेंट हाताला कोरडा लागला तरी आतून ओलसर असतो. आठ-दहा दिवस न थांबता पुस्तकं ठेवलीत तर ती फळीला चिकटतील आणि उचलताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतील. भर पावसाळ्यात हे काम काढू नका.

४. फळी भिंतीवर चढवा

भिंतीच्या आतल्या गिलाव्याची जाडी साधारण १२ ते १५ मिमी असते आणि त्याला ताकद नसते. ३५ मिमीच्या स्क्रूचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गिलाव्यातच अडकतो. म्हणून ५० मिमी.

बिटावर ५५ मिमीवर रंगीत चिकटपट्टीची खूण करा, तेवढंच खोल भोक पाडायचं. भोकाच्या खाली कागदाचा खिसा दुमडून चिकटवला तर भुकटी सोफ्यावर पडत नाही. भोकातली भुकटी स्ट्रॉने फुंकून काढा, डोळे मिटून. भुकटी राहिली की गट्टी पूर्ण आत जात नाही, मग लोक तिची बाहेर आलेली कड कापतात, आणि तीच फळी पुढे सैल होते. गट्टी भिंतीशी सपाट न ठेवता स्क्रूच्या टोकाने किंवा खिळ्याने आणखी थोडी आत, विटेपर्यंत ढकला.

दोन्ही ब्रॅकेटची सगळी भोकं एकदम पाडू नका. पहिल्या ब्रॅकेटचं वरचं भोक पाडा, स्क्रू सैल लावा, ओळंब्याने ब्रॅकेट सरळ करा, मग खालचं भोक. त्यावर फळी टेकवून पाणसळीने समतोल बघा आणि दुसऱ्या ब्रॅकेटची खूण तेव्हा करा. जमिनीपासून मोजून खुणा केल्या तर जमिनीचा उतार फळीत येतो. एक अडचण मात्र येते. फळी बीमच्या अगदी जवळ असेल आणि बीमच थोडा तिरका असेल, तर पाणसळीने सरळ लावलेली फळी डोळ्यांना वाकडी दिसते. अशा वेळी फरक अर्धा अर्धा वाटून घ्या.

भोक मोठं झालंच तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका, नुसतं व्हाइट सिमेंटही नको, ते सुकल्यावर चुरा होऊन बाहेर येतं. ८ मिमीने भोक नीट करून ८ मिमीची गट्टी आणि १० नंबरचा स्क्रू वापरा.

भोकं पाडायला परवानगीच नसेल तर चिकटवायच्या हुकांवर फळी टांगू नका. हुक टिकतो, खालचा डिस्टेंपर सुटून येतो. त्यापेक्षा लोखंडी स्लॉटेड अँगलचा उभा रॅक घ्या, गडद रंग द्या, वर प्लायच्या फळ्या टाका. घर बदलताना सोबत नेता येतो.

५. मांडणी

आता घरभरच्या वस्तू एका चादरीवर आणून ठेवा. शोकेसमधल्या, माळ्यावरच्या, कपाटाच्या डोक्यावरच्या सगळ्या. मग यातल्या निम्म्याच फळीवर जातील हे आधी मान्य करा.

माळ्यावर बहुधा हे सापडतं: पितळी तांब्या, फुलपात्रं, अडकित्ता, पानाचा डबा, खलबत्ता, लाकडी माप, कंदील, चिनी मातीची लोणच्याची बरणी. बाजारातल्या कुठल्याही शोपीसपेक्षा या वस्तू देखण्या आहेत. मात्र खलबत्ता आणि भरलेली बरणी सगळ्यांत खालच्या फळीवर, ब्रॅकेटच्या बरोबर वर.

पितळ चिंचेचा कोळ आणि मीठ लावून पाच-दहा मिनिटांत निघतं. धुतल्यावर लगेच कोरडं पुसा, मीठ राहिलं की हिरवा डाग धरतो. आत कल्हई असेल तर आतून घासू नका. नव्या शोभेच्या पितळेवर बरेचदा लॅकरचा पारदर्शक थर असतो, त्याला चिंच अजिबात लावू नका, थर ठिकठिकाणी उडतो आणि वस्तू चट्ट्यापट्ट्यांची होते.

तीन फुटी, म्हणजे ३६ इंचांच्या एका फळीचं उदाहरण घेऊ. डाव्या कडेला १३ इंच उभी पुस्तकं, उंच पुस्तक कडेला आणि लहान आतल्या बाजूला. मग ३ इंच मोकळे. पुढे ९ इंचांत तीन-चार पुस्तकं आडवी एकावर एक, वर अडकित्ता. मग ६ इंच पूर्ण मोकळे. उजव्या कडेला ५ इंचांत पितळी तांब्या, त्यात मनीप्लँट. तांब्यात थेट पाणी भरू नका, आत काचेची छोटी बाटली बसवा. खालच्या फळीवर हाच क्रम उलटा: जड भाग उजवीकडे, मोकळी जागा डावीकडे. तिन्ही फळ्यांवर एकाच बाजूला पुस्तकं आली की भिंत एका अंगाला कललेली वाटते.

मोकळे ९ इंच सोडणं घरात कोणालाच पटत नाही. "अजून एक गणपती मावेल" असं कोणीतरी म्हणणारच. ती जागा भरली की पितळी तांब्या दिसेनासा होतो, एवढं दाखवून द्या: तांब्याशेजारी दोन वस्तू ठेवा, फोनवर फोटो काढा, दोन्ही काढून पुन्हा फोटो काढा. फोटो बघितल्यावर वाद संपतो.

आता अवघड जागेचं. सत्कारातली ॲक्रिलिकची स्मृतिचिन्हं, शाळेच्या ट्रॉफ्या, काचेतला ताजमहाल, वास्तुशांतीला आलेले गणपती. टाकायचं म्हटलं तर घरात महाभारत होईल, म्हणून टाकू नका. मुलांच्या ट्रॉफ्या मुलांच्या खोलीत एका फळीवर एकत्र. स्मृतिचिन्हांतलं ज्याचं घरात खरं मोल आहे असं एकच हॉलमध्ये. गणपती पाच-सात असतील तर विखरून न ठेवता एका कप्प्यात सगळे एकत्र ठेवा, मग तो संग्रह दिसतो. गेलेल्या माणसांचे फोटो या फळीवर नकोत, त्यांना वेगळी भिंत द्या.

पुस्तकांची प्लास्टिक कव्हरं काढा, उजेडात चमकतात आणि आत दमटपणा धरतात. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, मागे इंचभर हवा राहू द्या.

मागची भिंत फिकी वाटत असेल तर ब्लाउजसाठी आणून तसाच पडलेला खण पुठ्ठ्यावर ताणून मागून दुहेरी टेपने चिकटवा आणि फ्रेम म्हणून टेकवून ठेवा. फेविकॉल लावला तर पुढून डाग दिसतो. फ्रेम घेताना ६ बाय ८, ८ बाय १० असे ठरलेले आकार घ्या आणि चित्र त्यात बसवा. उलट केलं की फ्रेमवाल्याचं बिल वाढतं.

हे सगळं करून महिनाभर बघा आणि तरीही काही उणं वाटलं तर विकत घ्या. मातीची भांडी धारावीच्या कुंभारवाड्यात, लाकडी रंगीत फळं आणि खेळणी सावंतवाडीच्या चितार आळीत, जुनी पितळ-लोखंडाची वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात. जुन्या बाजारात वस्तू उचलून बघा. पातळ लोखंडी पत्र्यावर पितळेचा मुलामा असेल तर लोहचुंबक चिकटतो, पितळेला चिकटत नाही. खिशात एक छोटा चुंबक ठेवा, भाव करायलाही उपयोगी पडतो.

६. उजेड

१२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, वॉर्म व्हाइट, ३००० केल्विन. पांढऱ्या थंड उजेडात पितळ आणि लाकूड दोन्ही मेलेलं दिसतं. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या जाड पट्ट्या स्वस्त पडतात, पण हाताच्या टप्प्यातल्या फळीला त्या लावू नका.

हिशोब सोपा आहे. तीन फळ्यांना मिळून ९ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. मीटरला ६० दिव्यांची साधी पट्टी साधारण ४.८ वॉट घेते, एकूण १३ वॉट. १ अँपिअरचा ॲडॅप्टर १२ वॉटच देतो, म्हणून २ अँपिअरचा घ्या. पट्टी दर तीन दिव्यांनंतर छापलेल्या रेघेवरच कापा, मध्ये कापली तर तेवढा तुकडा पेटत नाही. पुढच्या लाकडी पट्टीच्या मागे, दिवे खाली आणि किंचित भिंतीकडे तोंड करून चिकटवा. कच्च्या प्लायवर ती आठवड्यात सुटते, रंग दिलेल्या जागेवर टिकते. ॲडॅप्टर पुस्तकांमागे कोंबू नका, गरम होतो.

७. नंतरची निगा

कसर पुस्तकांची खळ आणि कापडाची कांजी खाते. डांबर गोळ्या बंद कपाटात चालतात, उघड्या फळीवर वास आणि लहान मुलांना धोका तेवढा उरतो. दर महिन्याला पुस्तकं खाली काढून कोरड्या कापडाने पुसणं हाच इलाज. पावसाळ्यात ओलं फडकं फळीवर फिरवू नका. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट येत असेल तर पुस्तकांच्या कण्यांचे रंग उडतात, तिथे पडदा लावा किंवा त्या टोकाला बरणी-पितळ सरकवा.

भिंतीवर मातीची बारीक तपकिरी रेघ वर चढताना दिसली तर ती वाळवी आहे. रेघ पुसून गप्प बसू नका, फळी रिकामी करा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरा. मधोमध फळी दोऱ्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त गेली असेल तर वजन फळीच्या ब्रॅकेटवर टेकलेल्या भागाकडे सरकवा किंवा मध्ये तिसरं ब्रॅकेट मारा. त्याच वेळी ब्रॅकेटचा स्क्रू पेचकसाने तपासा. पाव फेऱ्यात घट्ट झाला तर ठीक, नुसताच फिरत राहिला तर त्याच दिवशी पुस्तकं उतरवून ८ मिमीची गट्टी घाला.